कोपऱ्यातलं पाणी

विहिरीच्या खालच्या अंगाला केळीचा एक तुकडा होता. त्याला करपा लागला आणि उखर्डूनानांनी तो मुळासकट उपटून काढला. जागा मोकळी झाली आणि नानांची झोप गेली. बांधाच्या पलीकडं त्यांचा धाकटा भाऊ पितांबर होता. बांध कुणाचा यावरून दोघा भावांचं बोलणं कधीचंच बंद झालेलं. मोकळी जागा दिसली की पितांबर नांगराचं एखादं तास आत घेणार, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या एकुलत्या मुलानं, लीलाधरनं, मासे पाळायचं काढलं तेव्हा गळ्यात माळ असूनही नाना नाही म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "टाकी पक्क्या इटायची राहीन ना?"

लीलाधर जळगावला माशांचं प्रशिक्षण घेऊन आला होता. आल्या आल्या त्यानं अंगणात बायकोकडून परात आणि घासलेटचा कापलेला चौकोनी डबा मागून घेतला. दोन्हींत पाणी भरलं, मूठ मूठ कोंडा टाकला. परातीच्या कडेनं बोट फिरवलं तसं पाणी फिरलं आणि कोंडा गोळा होऊन मधोमध बसला.

"पाह्यलं नाना? पाइपाचं पानी भिंतीच्या अंगानं तिरपं सोडलं की बठ्ठी टाकी फिरते. घाण मधी येते. मधी भोक ठुलं की आपली आपली बाहेर."

मग त्यानं डब्यात बोट फिरवलं. मधलं पाणी थोडं हललं, पण कोपऱ्यातलं जागचं सरकलं नाही. कोंडा चारी कोपऱ्यांत जाऊन चिकटला.

त्याची बायको सुगंधा दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. ती शिंदखेड्याकडची. लग्न होऊन तिसरं वर्ष चाललं होतं, तरी तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी एखादा अहिराणी 'शे' निघून जाई आणि सासू बेबाबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी तिची नक्कल करी. नवऱ्याचं बोट पाण्यात फिरताना बघून तिला बरं वाटलं. हा माणूस काहीतरी शिकून आलाय, असं तिच्या मनात आलं.

नानांनी परातीकडं नीट बघितलंही नाही.

"गोल बांधली त चारी अंगाले जागा सुटते. त्या जागेत तुहा काका खुट्या ठोकीन. चौकोनी बांध. भिंत बांधाले लागून घे."

"मंग आतून तरी कोपरे बुजू. गोटे भरू अन् वरून गिलावा करू. बाहेरून चौकोनी, आतून गोल."

"इकत आणेल इटायच्या आत गोटे भरू? तितकं पानी कमी मावते. पानी कमी त मासे कमी. तुले शिकवलं कोनं?"

लीलाधर आणखी काही बोलेल म्हणून सुगंधा थांबली. त्यानं परात उचलली, पाणी तुळशीपाशी ओतलं आणि हात धुवायला निघून गेला.

उन्हाळ्यात वना गवंड्यानं टाकी बांधली. ओळंब्यात सरळ, गुण्यात काटकोनी बसणारे चार कोपरे, आणि एक भिंत पितांबरच्या बांधाला अगदी घासून. नाना रोज बांधावर बसून पलीकडं ऐकू जाईल असं खाकरत. लीलाधरनं पाइपाचं तोंड वाकवून पाणी भिंतीच्या अंगानं सोडलं. पाणी भिंतीभिंतीनं धावत जाई, कोपऱ्यावर आपटे आणि तिथंच त्याचा जीव जाई. मधोमध निचऱ्याचं भोक होतं, पण तिथवर घाण पोचतच नव्हती.

आषाढात माशांचं बीज सोडलं. रोहू आणि कटला, बोटाएवढे. पेंड आणि कोंडा खाऊन ते भराभर वाढायला लागले. उरलेली पेंड कोपऱ्यांत बसली, कुजली. मग खालून बुडबुडे यायला लागले आणि वारा फिरला की घरापर्यंत वास येऊ लागला.

पहिल्यांदा गाळ काढायला लीलाधरच उतरला. संध्याकाळी त्याच्या मांड्यांना खाज सुटली.

"त्याले नाही सोसत पानी," बेबाबाई म्हणाली. "लहानपणापासूनच त्याले खरजेचं अंग. सुगंधा, उद्यापासून तू उतर."

ती उतरली. कासोटा घालायचा, खराटा घ्यायचा, मांड्यांपर्यंत पाण्यात उभं राहायचं आणि एकेका कोपऱ्यातला गाळ ढकलत ढकलत मधल्या भोकापाशी न्यायचा. मधल्या पाण्यात पोटऱ्यांना थोडी तरी हालचाल लागे. कोपऱ्यात पाय टाकला की गार, जड, पिठल्यासारखं काहीतरी बोटांतून वर येई. तळ शेवाळानं गुळगुळीत झालेला. आठवड्यातून एकदा तरी ती पडे. पडली की नाकातोंडात तेच पाणी जाई. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, तळपायाची कातडी पांढरी होऊन सुटायला लागली. एरंडेल लावून बसलं की जनावराभोवती याव्यात तशा माश्या भोवती येत.

वास वेणीत बसला तो गेला नाही. शिकेकाईनं जाईना, राखेनं जाईना. पाणवठ्यावरच्या बायका तिची घागर भरेपर्यंत लांब उभ्या राहत. "सुगंधाबाई आल्या वो, पदर लावा नाकाले," असं एकीनं म्हटलं आणि मग ते रोजचंच झालं. नाव तिच्या आईनं ठेवलेलं. त्या नावाची तिला लाज वाटायला लागली.

बेबाबाईनं तिला चुलीपासून उठवलं. "मासोळीचे हात भाकरीले नको लावू. माळकऱ्याचं घर हाये." तेव्हापासून तिचं ताट गोठ्याच्या पडवीत येऊ लागलं, वरून वाढलेलं. नाना तिच्या हातचं पाणीही घेईनात. मारुतीच्या पारावर कुणीतरी त्यांना छेडलं, "नाना, माळ घालून मासे?" तर ते शांतपणे म्हणाले, "मी कुठी हात लावतो? सून लावते." पारावरचे हसले. घरी येऊन नानांनी ते स्वतःच सांगितलं, आणि लीलाधरही हसला.

श्रावणात ढग बसले. पाऊस धड पडेना आणि ऊनही पडेना. अशातच शिवारातली डीपी जळाली आणि मोटर बंद झाली. सकाळी सुगंधा खराटा घेऊन गेली तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून वासत होते. पुच् पुच् असा बारीक आवाज सगळ्या टाकीभर चालला होता. तिनं हाका मारल्या तशी घरची माणसं धावत आली.

"पानी हालवलं पायजे," लीलाधर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "हवा खेळली नाही त दुपारपर्यंत बठ्ठे जातीन. काकाचं डिझेल इंजिन मांगून आणतो."

तो बांध ओलांडून गेला. पितांबर शेंगा तोडत बसला होता. त्यानं मान वर न करता ऐकून घेतलं.

"इंजिन हाये. देतो. पन मांगाले तुह्या बापाले पाठव."

नाना बांधावरून ऐकत होते. दोघांत वीस पावलांचं अंतर नव्हतं. नानांनी उपरणं झटकलं आणि ते टाकीच्या भिंतीवर येऊन बसले.

"सुगंधा, उतर. फिर."

"कसं फिरू, नाना?"

"गोल फिर. बैल घाण्याले फिरते तसं. पाय आपटत चाल."

ती उतरली. लीलाधरनं तिला एक फळी दिली. ती पोटाशी आडवी धरून पाणी पुढं रेटत ती भिंतीच्या कडेनं चालायला लागली. थोडा वेळ तोही उतरला होता, मग वायरमनला शोधायला सायकलवर गेला. ती एकटी फिरत राहिली. फळीपुढं पाण्याची लाट उठे, मागं भोवरा पडे आणि मासे त्या भोवऱ्यात घुसून तिच्या पोटऱ्यांना धडका देत. कोपरा आला की आत शिरून पाणी उपसल्यासारखं बाहेर रेटायचं, मग पुढची भिंत. डोकं गरगरायला लागलं तेव्हा ती उलटी फिरली.

"उलटी नको फिरू," नाना म्हणाले. "चालू पानी थांबते."

बेबाबाईनं नानांसाठी बांधावर चहा आणला. पलीकडून पितांबर शेंगा तोडता तोडता बघत होता. मध्येच त्यानं आपल्या बायकोला बोलावून घेतलं आणि दोघं बघत राहिले. सुगंधाचं लुगडं मांड्यांना चिकटलेलं. तिनं पदर खोचायला फळी सोडली तर नानांनी खाली पडलेली काडी तिच्या अंगावर भिरकावली. लागली नाही. पण पितांबरच्या बायकोनं तोंडाला पदर लावलेला तिला दिसला.

दुपार कलल्यावर ढग फाटले, ऊन पडलं आणि थोड्या वेळानं लाईनही आली. मासे एकेक करून खाली गेले. मेले ते मूठभर. सुगंधा भिंतीला धरून बाहेर आली आणि मातीत बसली तर तिला उठता येईना. जमीन अजून गोल फिरत होती. तिनं तिथंच ओकारी काढली.

त्या दिवशी नाना पारावर म्हणाले, "इंजिनाचं काम सुनेनं केलं. पितांबरचं डिझेल वाचलं." ते कौतुकच होतं. सुगंधाच्या कानावर आलं तेव्हा क्षणभर तिला बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचा पुढं कितीतरी दिवस राग आला.

जेवताना लीलाधरनं विषय काढला. "वनाले बोलावू का, नाना? कोपरे बुजून घेऊ."

"आता कायले? निभावलं ना?"

लीलाधरनं भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला. पडवीत बसलेल्या सुगंधाला आतलं सगळं ऐकू येत होतं.

मग तो रिवाजच पडला. लाईन जाई तेव्हा ती जिथं असेल तिथून तिला हाक येई. निंदणीतून, धुण्यावरून, एकदा तर अंगात ताप असताना अंथरुणावरून. भादव्यात टाकीच्या तळाचा सिमेंटचा पोपडा उडाला आणि त्याच्या धारेनं तिचा उजवा तळपाय कापला. जखमेत गाळ गेला. पाय घोट्यापर्यंत सुजला, लाल झाला, रात्रभर ठणकायला लागला.

"पायात आग शे," ती नवऱ्याला म्हणाली. "चार दिवस मले नका उतरवू म्हना नानाले."

"मासे काढले की डॉक्टरकडे जाऊ," लीलाधर म्हणाला. "आता वजन धरू राह्यले. थोडंच राह्यलं." त्यानं तिच्या पायाला हळद बांधली. हात हलका होता त्याचा. बांधता बांधता तो भुसावळच्या व्यापाऱ्याचं बोलत होता.

दोनच दिवसांनी पुन्हा आभाळ भरलं आणि पुन्हा लाईन गेली. सकाळी मासे वर आले. आता ते वीतवीतभर झाले होते आणि पुच् पुच् आवाज बांधावरून ऐकू येत होता. नानांची हाक आली. सुगंधा पाय ओढत आली, टाकीच्या भिंतीवर बसली आणि बसून राहिली.

"उतर."

"नाही."

नानांना ऐकू आलं नसावं असं वाटून ते पुन्हा म्हणाले, "उतर, टाईम नाही."

"मी नाही उतरत, नाना."

बेबाबाई पुढं आली. तिनं सुगंधाचा दंड धरून ओढला. सुगंधा भिंतीवरून हलली नाही. तिनं भांडण केलं नाही, रडलीही नाही. सुजलेला पाय तिनं मांडीवर घेतला होता आणि त्याकडं बघत होती.

लीलाधर आधी हळू आवाजात बोलला. "आजचा दिस. एवढा आजचा दिस उतर. बठ्ठं जाईन ना ववं." मग हात जोडले. मग इकडंतिकडं बघितलं. बांधापलीकडं पितांबर उभा होता, कमरेवर हात ठेवून. लीलाधरनं तिच्या तोंडात मारली. पहिल्यांदाच मारत होता, त्यामुळं हात नीट बसला नाही, कानावर लागला. तिच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं आणि तिला वाटलं, आता तरी हा इंजिन मागायला बापाला पाठवील.

त्यानं सदरा काढला आणि फळी घेऊन स्वतः उतरला. सुगंधा बघत राहिली. तो जोरात चालायला लागला, फार जोरात. ती असती तर सुरुवातीला हळू चालली असती. दुसऱ्या फेऱ्यालाच तो कोपऱ्यात घसरून पडला. उठला, पुन्हा चालला. त्याच्या मांड्या लाल झाल्या. नाना भिंतीवर बसून "पाय आपट, पाय आपट" म्हणत होते. ते उतरले नाहीत. ते बांधापलीकडंही गेले नाहीत. पितांबरचं इंजिन त्याच्या झोपडीपुढं गोणपाटाखाली झाकलेलं सगळ्यांना दिसत होतं.

दुपारच्या आधी पहिला कटला आडवा झाला. मग एकामागून एक. लीलाधरच्या फळीनं पाणी फिरत होतं तोवर मेलेले मासेही फिरत राहिले. तो थांबला तसे ते हळूहळू सरकत गेले आणि चारी कोपऱ्यांत जाऊन साचले, पांढरी पोटं वर करून, एकावर एक.

बेबाबाई कपाळ बडवत राहिली. "पांढऱ्या पायाची आणली, घर बुडवलं." नाना उठले. त्यांनी विहिरीवर जाऊन आंघोळ केली.

मेलेले मासे कुणी काढायचे, यावर घरात बोलणं सुरू होण्याआधी सुगंधानं दोन लुगडी पिशवीत घातली आणि ती बोदवड स्टेशनच्या वाटेला लागली. वाटेत तीन ठिकाणी बसली. स्टेशनवर पोचेपर्यंत हळदीचं फडकं रक्तानं आणि पिवळ्या पाण्यानं भिजलं होतं. भुसावळला तिनं गाडी बदलली. डब्यातल्या बाईनं नाकाला पदर लावून तिला दारापाशी बसायला सांगितलं, आणि ती शिंदखेड्यापर्यंत दारापाशीच बसून गेली.

माहेरी आईबाप नव्हते. भाऊ रुपचंद होता, भावजय कमलबाई होती. भावानं तिला दवाखान्यात नेऊन पाय चिरून घेतला. अर्धी वाटी पू निघाला. कमलबाईनं पाय बरा होईस्तोवर केलं, पण बरा झाल्यावर भाकरी थापताना तव्याचा आवाज मोठा व्हायला लागला. सुगंधा समजली. दसऱ्यानंतर कपाशी फुटली तशी ती गावातल्या बायकांबरोबर वेचणीला जायला लागली. उन्हात, कोरड्या जमिनीवर. पायाच्या चिखल्या गेल्या. वासही कधी तरी गेला असावा, कारण वेचताना बायका तिच्या शेजारच्या ओळीत यायला लागल्या.

दिवाळी होऊन गेल्यावर लीलाधर आला. सकाळच्या पॅसेंजरनं आला, अंगावर धुतलेले कपडे, हातात केळीचा फणा. कमलबाईनं त्याला ओट्यावर घोंगडी टाकून दिली आणि चहा केला. आत जाऊन तिनं सुगंधाच्या दोन लुगड्यांच्या घड्या घातल्या.

सुगंधा खांबाला टेकून उभी राहिली. तो बराच वेळ पिकापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "कोपरे बुजले."

"कवा?"

"पितरपाटात. वनाले बोलावलं. सकाळी लागला, दुपारी गिलावा करून मोकळा. गोटे त विहिरीपाशी पडेलच व्हते." त्याचे डोळे चमकायला लागले. त्यानं बशीतल्या चहात बोट फिरवून दाखवलं. "काय पानी फिरते आता! एकसारखं. घाण बठ्ठी मधी. मासे पान्याच्या तोंडाले तोंड देऊन उभे राह्यते. नवं बीज सोडलं. आता कोनालेच उतराले लागत नाही."

"नाना कसे काय तयार झाले?"

"मासे मेले ना. मंग म्हने, बुजा."

सुगंधा खांब सोडून पुढं आली. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"मग आधी का नाही बुजले? मी पान्यात फिरत होते तवा?"

लीलाधरनं तिच्याकडं बघितलं. विचारण्यासारखं त्यात काय आहे, हे त्याला कळेना.

"तवा तू व्हती ना," तो म्हणाला.

त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. त्यानं उरलेला चहा प्यायला आणि दुसऱ्या टाकीचं सांगायला लागला. तीही आतून गोल बांधायची ठरली होती. आईचे गुडघे गेलेत, तिला भाकरी होत नाहीत. नाना म्हणाले, जाऊन घेऊन ये, आता तिले पान्याचं काम नाही.

सुगंधा आत गेली. ती लुगडी घेऊन येईल म्हणून लीलाधरनं चपला पायात सरकवल्या. ती आली ती कमरेला कापूस वेचायचं फडकं बांधून. गल्लीतून वेचणीच्या बायका चालल्याच होत्या.

"तुम्ही जेवून जा," ती म्हणाली. "वहिनी वाढतील."

"अवं, गाडी..."

"दुपारची आहे. मिळेल."

ती बायकांत मिसळून निघून गेली. तो ओट्यावर बसून राहिला. जेवला. वेचणीच्या बायका परत फिरतात का ते बघायला एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. मग दुपारच्या गाडीनं गेला.

दिवस मावळताना सुगंधा परतली. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडली होती. कमलबाई दारातच होती.

"गयात का त्या?" तिनं लीलाधरचं विचारलं.

"गयात."

"आनि तू?"

"मी सकाय वेचाले जासू."

कमलबाईनं तिला खालीवर बघितलं. मग घडी केलेली लुगडी आतून आणून तिच्या हातात दिली आणि इथं राहायची अट सांगितली.

"आठे ऱ्हानं व्हई ते घरमा जागा नई. ढोरेसजोडे गोठामा झोपनं पडी."

सुगंधानं लुगडी घेतली आणि विचारलं, "गोठा कोरडा शे ना?"

"शे," कमलबाई म्हणाली.

"मंग चाली," असं म्हणून ती गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पलीकडची जागा झाडायला लागली.